सगळे झोपेपर्यंत

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. प्रवासात एकही माणूस माझ्याशी उद्धटपणे बोलला नाही, हे आधी लिहून ठेवते. असे दिवस थोडे येतात.

घर उंच, अरुंद आणि लख्ख आहे. एकावर एक रचलेली तीन खोकीच. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर नवरा-बायकोची खोली आणि समोर माझी, सगळ्यात वर एकटी मुलगी. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीतला एक माणूस कपडे वाळत घालताना दिसतो. शर्ट कॉलरला चिमटे लावून टांगतो. सहा वर्षांच्या मुलीलाही मी हे करू दिलं नसतं. फार बरं वाटलं. कुणाचं तरी चुकतंय हे बघायला अडीच वर्षांनी मिळालं.

मुलीचे वडील पूल बांधणारे इंजिनिअर. डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की त्यांच्या पुलावरून जायचा मला धीर होणार नाही. आई दातांची डॉक्टर. चहाचा कप देताना बशी वाजत होती. दोन वर्षं ही माणसं धड झोपलेली नाहीत. मी आया नाही, हे दारातच सांगून टाकलं. निवासी शाळेत चौतीस वर्षं मेट्रन होते. सगळ्यात धाकट्या मुलींची डॉर्मिटरी, चाळीस कॉट, मी एकटी. साडेसातला दिवा बंद, आठ वाजता टाचणी पडली तर ऐकू यावी. मग व्यवस्थापनाने माझ्या जागी कॅमेरे बसवले. निरोपाच्या भाषणात सेक्रेटरी म्हणाले, कॅमेरा रात्रभर जागतो. मी उठून म्हटलं, जागतो, पण पांघरूण घालतो का? माझ्या वाक्याला टाळ्या जास्त पडल्या. उपयोग शून्य.

मुलगी चार वर्षांची. घरात भिंगरी म्हणतात आणि ती आहेच तशी. आल्या आल्या माझ्या गळ्यातली शिट्टी वाजवून झाली. आईने तिला सांगितलं, या आजी. मी म्हटलं, मी कुणाची आई झालेली नाही, मला एकदम आजीच्या जागी बढती नको. भिंगरीने थोडा विचार केला आणि माझं नाव शिट्टीआजी ठेवलं. शाळेतल्या मुली माझ्यामागे मला शिट्टी म्हणायच्या. निदान ही तोंडावर म्हणते.

मला निवडताना तिच्या आईने तीनदा विचारलं होतं, की घरी कुणी वाट बघणारं आहे का. तीनदा नाही म्हणाले. माझी कुठं अडचण होऊ नये म्हणून विचारत असणार. हल्ली इतका विचार कोण करतं?

५ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून काम सुरू. आई-बापांना जेवणाच्या टेबलाशी बसवून शिकवणी घेतली. दोघंही हुशार, पण दोघांनी मिळून झोपेचा पार चुथडा केलेला. एक दिवस आठला, एक दिवस अकराला. कधी गाडीत फिरवून, कधी मोबाइलवर कार्टून लावून, कधी विनवण्या करून. मूल रडलं की आई धावते, आई दमली की बाप धावतो, आणि मूल वर बसून या दोघांची शर्यत बघतं.

माझा नियम सोपा आहे. रोज तेच, त्याच क्रमाने, त्याच वेळी. झोपायच्या तासभर आधी सगळे पडदे बंद, म्हणजे टीव्हीचे आणि मोबाइलचे. मग सात पायऱ्या. अंघोळ, दूध, दात, एक पुस्तक, खिडकीचा पडदा, पांघरूण, दिवा. भिंगरीकडून सातही चित्रं काढून घेतली आणि तक्ता तिच्या भिंतीवर लावला. प्रत्येक पायरी झाली की तिने स्वतः खडूने बरोबरची खूण करायची. लहान मुलाला हुकूम आवडत नाही, पण तक्त्याचं ते मुकाट्याने ऐकतं. मोठ्यांचंही तेच आहे.

आणि खुर्ची. पहिल्या दिवशी मोठ्या माणसाने खुर्ची कॉटला लावून बसायचं. रोज एक हात मागे न्यायची. बोलायचं नाही, मान वळवायची नाही, मूल काहीही म्हणालं तरी भिंतीकडे बघत बसायचं. सहा दिवसांत खुर्ची दाराबाहेर जाते. मूल एकटं झोपायला शिकतं आणि आपल्याला नेमकं कधी सोडलं, हे त्याला कळतही नाही. वडिलांनी त्यांची झुलती खुर्ची देऊ केली. मी नको म्हटलं. बसणाऱ्याला खुर्ची आवडता कामा नये. स्वयंपाकघरातली साधी लाकडी आणली.

पांघरूण घालताना मी काम शिकले त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दाखवलं तसं. आधी पायाकडची कड गादीखाली खोचायची, मग भिंतीकडची, मग आपल्याकडची. आणि शेवटी माझं नेहमीचं वाक्य. मी इथंच आहे, सगळे झोपेपर्यंत कुठंही जाणार नाही.

म्हणून झाल्यावर माझं मलाच हसू आलं. चाळीस कॉटची सवय. खोलीत मूल एक आणि मी म्हणते सगळे! भिंगरीने मात्र डोकं वर केलं आणि विचारलं, सगळे म्हणजे अगदी सगळे का. मी म्हटलं, अर्धवट कामं मी करत नाही. सगळे म्हणजे सगळे. ती इतकी गोड हसली, की क्षणभर खुर्चीचा नियम मोडून तिच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. फिरवला नाही.

सव्वानऊला झोपली. इथं हा विक्रम आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज बहाण्यांचा दिवस. पाणी, शू, पुन्हा पाणी, उशी गरम आहे, कोपर दुखतंय. अकरावा बहाणा नवा निघाला. म्हणे जागोबा झोपला की ती झोपते, त्याच्याआधी झोपलं तर त्याला एकटं वाटतं.

बागुलबुवाचा चुलतभाऊ दिसतो. मुलं घाबरवायला बुवा तयार करतात, ही सोबतीला करते. मी दिवसा तिला विचारलं, कसा दिसतो. ती म्हणाली, दिसत नाही, तो जागाच असतो. आईला विचारलं तर ती भांडी लावत राहिली. मग म्हणाली, मुलांचं काय हो मावशी, काहीही बोलतात. मला मॅडमवरून मावशीवर इतक्या लवकर आणलं, हे मी ऐकलं.

एक गोष्ट टिपून ठेवते. भिंगरी भिंतीला चिकटून झोपते. कॉटचा अर्ध्याहून जास्त भाग मोकळा सोडते. आणि दिवा गेल्यावर तिची आई खोलीत पाऊल टाकत नाही. उंबरठ्याशी उभी राहते, बोटं चौकटीवर.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

वीस मिनिटांत झोपली! कॉटच्या मधोमध, हातपाय पसरून. खुर्ची तीन हात मागे होती. मी जिना उतरून खाली आले तर वडील जेवता जेवता टेबलावर डोकं टेकून झोपलेले, हातात चमचा. आई त्यांच्याकडे बघत उभी होती. तिने येऊन माझा हात धरला. मला असं कुणी हात धरलेलं आवडत नाही. सोडवला मात्र नाही. तिनेच नंतर सोडला.

खोलीत आल्यावर जाणवलं, की चौतीस वर्षांत मी रोज चाळीस जणींना झोपा म्हटलं, पण मला कुणी म्हटलेलं आठवत नाही. आज भिंगरीने दात घासताना, तोंडात फेस असताना विचारलं होतं, शिट्टीआजी, तुला कोण झोपवतं. मी म्हटलं, मी मोठी आहे. तिने असा चेहरा केला, जणू मला काहीतरी दुखतंय.

९ नोव्हेंबर, शनिवार

वरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा आहे. इथली साफसफाई माझ्या पसंतीस उतरत नाही, म्हणून सकाळी व्हॅक्युम क्लीनर मीच फिरवला. खुर्चीच्या पायांचे खड्डे त्याने भरून येतात. सगळे भरले. दुपारी घड्या केलेले कपडे ठेवायला वर गेले तेव्हा खुर्ची कालच्या जागीच होती, आणि तिच्या हातभर पुढे, कॉटच्या बाजूला, चार ताजे खड्डे. परवा मी बसले होते त्या जागी. माझ्यापेक्षा खोल.

भिंगरीला विचारलं. तिला ती खुर्ची उचलत नाही. मी उचलायला लावून बघितली. आईला वर बोलावलं. तिने दारातूनच बघितलं, म्हणाली, गालिचा जुना झालाय, आणि खाली गेली. गालिच्याची पावती मी मागितली नव्हती. खड्डे कशाचे, एवढंच विचारलं होतं.

१० नोव्हेंबर, रविवार

आज खड्डे तीन हातांवर. म्हणजे माझ्या परवाच्या जागी. मी दाराकडे सरकले की ते माझी सोडलेली जागा घेतं. ‘ते’ लिहिलं खरं, खोडत नाही.

संध्याकाळी खुर्ची दाराला लागली होती. दिवा गेला. मी नेहमीसारखे श्वास मोजायला लागले. डॉर्मिटरीत टॉर्च लावायची मला गरज पडत नसे. झोपलेल्या मुलीचा श्वास लांब होतो आणि शेवटी जरासा अडखळतो. चाळीस अडखळले की मी उठायचे. माझा स्वतःचा कधी मोजत नाही, तो कामाचा नसतो.

भिंगरीचा सात चाळीसला अडखळला. मी उठणार, तेवढ्यात आणखी एक ऐकू आला. कॉट आणि मी यांच्या मधून. संथ, एकसारखा, फारच नीटनेटका. जागं मूल झोपल्याचं सोंग घेतं तेव्हा असा श्वास घेतं. चौतीस वर्षांत या सोंगाने मला एकदाही फसवलेलं नाही.

मान वळवायची नाही, हा माझाच नियम. भिंतीकडे बघत बसले. नऊ वाजले तरी तो श्वास बदलला नाही. मग उठले आणि खाली आले. माझ्या मागे खुर्ची करकरली. ती रिकामी होती, मी तिच्यावरून उठले होते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काल आणि आज खुर्ची दाराबाहेर. भिंगरी दहा मिनिटांत झोपते. घरात सगळ्यांच्या गालांवर रंग आलाय. आईचा हात कापत नाही. वडील अंघोळ करताना गातात, आणि वाईट गातात.

सकाळी न्याहारीला भिंगरीने पाय हलवत हलवत सगळं सांगून टाकलं. मी विचारलंही नव्हतं. आधी जागोबा तिच्या कॉटवर बाहेरच्या बाजूला पडून असायचा, आणि ती झोपायला लागली की तिला हलवून उठवायचा, कारण त्याला झोपच येत नाही आणि सगळे त्याला सोडून झोपतात. आता तो उठवत नाही. आता तो माझ्यामागे खुर्चीत बसतो. कारण मी म्हणाले ना, सगळे झोपेपर्यंत कुठं जाणार नाही. त्याला असं याआधी कुणीच म्हटलं नव्हतं.

तिची आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता आणि खाली भांडं नव्हतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

गरम कपडे आणायला माझ्या स्वतःच्या खोलीवर आलेय, रात्रभर इथंच राहणार. आईने दोन वेळा विचारलं, संध्याकाळी परत नाही का येता येणार. मी म्हटलं, सुट्टी नावाची गोष्ट असते. खरं कारण लिहिते. मला एक संध्याकाळ त्या जिन्यापासून लांब हवी होती.

इथं सगळं सोडलं तसंच. कपाच्या तळाला चहा वाळलेला. शेजारणीला मी गेल्याचं कळलंही नव्हतं. म्हणाली, बाहेर पडला नाहीत वाटतं आठवडाभर, थंडी आहे ना.

खोली अगदी शांत आहे. श्वास कुणाचाच नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आठला परत आले. दार वडिलांनी उघडलं. पुन्हा तीच काळी वर्तुळं. भिंगरी काल सकाळी सात वाजल्यापासून जागी होती. वर गेले. पोर भिंतीला चिकटून बसलेली, ओठ कोरडे, डोळे लाल. दंडावर चार बोटांची निळी खूण. लांब बोटांची. झोप लागायला लागली की हलवलं असणार. गालिच्यावर एकही खड्डा नव्हता, पण कॉटची बाहेरची बाजू खोलगट झाली होती, कुणी रात्रभर पडून राहावं तशी.

तिने मला मिठी मारली नाही. म्हणाली, तू म्हणाली होतीस कुठं जाणार नाही.

चौतीस वर्षांत मी एकाही मुलीला दिलेला शब्द मोडला नव्हता. हिचा मोडला, स्वेटरसाठी.

संध्याकाळी सातही पायऱ्या केल्या. वाक्य मुद्दाम मोठ्याने म्हटलं, तेच, ‘सगळे’ धरून. दाराबाहेर खुर्चीत बसले. पाच मिनिटांनी पाठीमागे गालिचा दबल्याचा आवाज आला. भिंगरी झोपली. मध्यरात्री डोकावले तेव्हाही हलली नव्हती.

मग ठरवलं. माझी पद्धत आहे, मला तिची ताकद माहीत आहे. रोज थोडं लांब. मुलाला कळत नाही आपल्याला कधी सोडलं. याला तरी का कळावं?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

खुर्ची जिन्याच्या वरच्या टोकाला. ते भिंगरीच्या दाराशी. मागून श्वास ऐकू येतो, सोंगाचा. खोलीत पहिल्यांदाच तिच्याशिवाय कुणी नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आता हात मोजत बसले नाही, सबंध जिना एका दमात उतरले. मान न वळवता. प्रत्येक पायरी माझ्यासाठी एकदा वाजली, माझ्यामागे एकदा. खुर्ची माझ्या खोलीत आणून दाराला टेकवली आणि कॉटवर बसले. खुर्चीत बसायला त्याने कुणी ‘बस’ म्हणायची वाट बघितली नाही.

वर पोर झोपलीय. मधोमध, मला माहीत आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

गेली. तिघंही. दुपारी जेवून माझा जरा डोळा लागला, उठले तर घरात कुणी नाही. भिंगरीचे बूट नाहीत, गाडी नाही. टेबलावर चिठ्ठी होती, काही दिवस बहिणीकडे राहतो, घर तुमचंच समजा, हवं तितकं राहा.

फोन केला. आईने उचलला आणि आधीच रडायला लागली. दोन वर्षांत तीन घरं बदलली म्हणाली. जिथं जातील तिथं ते पोरीबरोबर येत होतं. आज गाडीत पोर झोपली आणि कुणीही तिला उठवलं नाही. मग मला विचारलं, तुम्ही तिथून निघणार नाही ना हो मावशी. मी म्हटलं, म्हणून तीनदा विचारलं होतंत, घरी कुणी आहे का. पुढे मी जे बोलले ते इथं लिहीत नाही, कॉन्व्हेंटमध्ये त्याला तोंड धुवायला लावायचे. ती एवढंच म्हणाली, खरं सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता.

मूर्ख बाई. आले असते. तेव्हा मला कुणी कुठंही बोलावलं असतं तरी मी आले असते.

मी इथून गेले, की ते पुन्हा तिच्याकडे. तेव्हा प्रश्न मिटला.

भिंगरीने जाताना माझ्या भिंतीवर तक्ता लावून ठेवलाय. नवा, माझ्यासाठी. सात चित्रं. सहाव्यात अंबाडा घातलेली बाई पांघरुणात आहे आणि शेजारी खुर्ची. खुर्चीत तिने काळा खडू गिरवलाय, कागद फाटेपर्यंत. खडूही ठेवलाय, दोऱ्याला बांधून.

१८ नोव्हेंबर, सोमवार

खुर्ची काल दाराला टेकलेली होती. आज कॉटच्या दिशेने एक हात पुढे आहे. माझ्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. बरोबर एक हात. माझाच.

मी पुढे नेलेली नाही.

पद्धत उलटी चालली आहे. दारापासून कॉटपर्यंत.

रात्री जागले. ते झोपेना, मग मीही नाही. सोंगाचा श्वास कॉटच्या पायाकडून. शेवटी मी त्याला पुस्तक वाचून दाखवलं, भिंतीकडे बघत. सशाचं. ऐकत होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तक्त्यावर खुणा आहेत. अंघोळ, दूध, दात. मी तिन्ही केली होती, पण खूण मी केली नाही. काळ्या खडूने. रेघ थरथरती, नवशिक्या मुलाची.

आई फोनवर म्हणाली, भिंगरी अकरा तास झोपली. सलग. मी म्हटलं, वेळ बदलू नका, सुट्टी असली तरी. हो हो म्हणाली. ठेवायची घाई होती. मागून भिंगरीचा आवाज आला, शिट्टीआजीला विचार, तिला आता कोण—

ठेवला फोन.

समोरचा माणूस आज शर्ट खालून टांगत होता. बरोबर. कुणाला सांगू?

खुर्ची गुडघ्यांशी.

२० नोव्हेंबर, बुधवार

तीन रात्री. डोळे मिटतात. मला ते हलवत नाही. पोरीला हलवायचं, मला नाही. का, ते आज कळलं—

ते माझं बघून शिकलंय. खुर्चीत बसतो तो जागतो, कॉटवरचा झोपतो. पोरीजवळ ते कॉटवर होतं. त्याला झोपवणारं कुणी नव्हतं. आता ते खुर्चीत आहे. आता ते मेट्रन आहे.

आणि मी—

पाच खुणा. खिडकीचा पडदा मी ओढला नव्हता. ओढलेला आहे.

खुर्ची कॉटला लागली. श्वास आता सोंगाचा नाही. मोजणाऱ्याचा आहे. माझा मोजतंय. माझा कुणी कधी—

पळायचं नाही. पोर झोपलीय.

त्याने वाक्य म्हटलं. माझंच, माझ्याच सुरात. ‘सगळे’ धरून. खोलीत मी एकटी.

मान वळवायची नाही. लिहिते आहे तोवर जागी आहे. पांघरूण गुडघ्यांवर होतं, मी हात लावला नाही. आता कमरेपर्यंत. पायाकडची कड खोचली गेली. घट्ट, सिस्टर खोचायच्या तशी. आता भिंतीकडची. किती हलका हात आहे. गार आहे, पण हलका. चौतीस वर्षं चाळीस पांघरुणं, आणि माझं कुणी— आता माझ्या बाजूची. सहावी खूण. मला रडू का येतंय, भीतीने नाही, भीती केव्हाच— आता फक्त दिवा—